विचारू नकोस, पाहत बस

पुणे, रविवार

चि. छोटीस,


तुझं ॲप फोनवर चढवलं, चालतं. यवतमाळ जिल्ह्यात कुठे काय कार्यक्रम आहे हे सांगणारं ॲप शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला घेतलंस ते बरं केलंस. हजेरीपट आणि ग्रंथालय यांचे प्रोजेक्ट पाहून परीक्षकांचाही जीव मेटाकुटीला आलेला असतो. पण ‘वापरणाऱ्यांचे अभिप्राय’ म्हणून जो तक्ता जोडला आहेस, त्यावर माझा काडीचा विश्वास नाही. ‘छान आहे’, ‘खूप उपयोगी’, ‘ऑल द बेस्ट ताई’. समोर पोरगी उत्साहाने फॉर्म घेऊन उभी आहे, तिच्या तोंडावर वाईट कोण बोलणार? आपल्याकडे पाहुणचाराची भाजी अळणी असली तरी लोक दुसऱ्यांदा वाढून घेतात.

खरा ऐवज आहे तो तू सहज म्हणून पाठवलेल्या दत्त चौकातल्या व्हिडिओत. त्या काकाजींनी फोन घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि कीर्तनाच्या कार्डावरच्या पोस्टरवर दोन बोटं ठेवून ताणलं. काही झालं नाही. पुन्हा ताणलं. मग अंगठ्याने दाबून धरलं. तेवढ्यात तुझा आवाज येतो, “काकाजी, खाली ‘तपशील’ आहे ना, ते दाबा.” त्यांनी दाबलं, तू खुशीत “झालं!” म्हणालीस, आणि तक्त्यात त्यांच्या नावापुढे बरोबरची खूण पडली.

ती खूण खोड. काकाजींना काम जमलं नाही, ते तू करून दिलंस. पण त्या आधीच्या काही सेकंदांत त्यांनी तुला बरंच सांगितलं होतं. गावाकडे कार्यक्रमाचं आमंत्रण येतं ते व्हॉट्सॲपवर, पोस्टरचा फोटो म्हणून. महाराज कोण, मंडप कुठे, महाप्रसाद आहे का, सगळं त्या फोटोत बारीक अक्षरात असतं आणि लोक ते ताणून ताणून वाचतात. तुझं पोस्टर ताणलं जात नाही. ‘तपशील’ हे बटण फिक्या राखाडी रंगात आहे, ते उन्हात कोणाला दिसणार? पोस्टर मोठं होऊ दे आणि त्यावर बोट ठेवलं की सगळी माहिती उघडू दे. ही दुरुस्ती तासाभराची आहे, पण तू मध्ये बोलली नसतीस तर तुझी तुलाच सुचली असती.

मध्ये न बोलणं हे चाचणीतलं सगळ्यात अवघड अंग. समोरचा अडला की आपली जीभ वळवळते. त्याला आधीच सांगून ठेव की परीक्षा ॲपची आहे, तुमची नाही, आणि जे मनात येईल ते मोठ्याने बोलत वापरा. मोठ्याने बोलत वापरून पाहण्याची ही रीत १९८२ साली आयबीएममधल्या क्लेटन लुईस यांनी मांडली आणि अजून तिच्याइतकं स्वस्त आणि खरं हत्यार मिळालेलं नाही. “हे दाबू का?” असं विचारलं तर हो-नाही म्हणू नकोस. “दाबलं तर काय होईल असं वाटतं?” एवढंच विचार आणि गप्प राहा.

काम देतानाही पडद्यावरचे शब्द तोंडात आणू नकोस. “सांस्कृतिक विभागात जाऊन कार्यक्रम शोधा” म्हटलं की माणूस ‘सांस्कृतिक’ ही अक्षरं हुडकतो, कार्यक्रम नाही. काम कसं द्यावं याची मुंबईत अशा चाचण्या घेणाऱ्या अपाला लाहिरी-चव्हाण यांनी मोठी गमतीची युक्ती काढली. आपले लोक तोंडावर दोष दाखवत नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं होतं. म्हणून त्यांनी माणसाला सिनेमातल्यासारख्या प्रसंगात उभं केलं: तुमच्या लाडक्या भाचीचं लग्न ठरलंय आणि होणारा नवरा गुंड निघालाय, आता तातडीने विमानाचं तिकीट काढा. (भाचीच घेतली बघ त्यांनीही!) माणूस त्या गोष्टीत शिरला की भीड सुटते आणि तिकीट निघालं नाही की तो मनापासून चिडतो. तुला ते चिडणं हवं आहे. तुझ्यासाठी प्रसंग यवतमाळातच पडलेला आहे. नवरात्रात जिल्हाभरातून लोक दुर्गादेवी पाहायला शहरात येतात. तर सांग: नणंद दोन लेकरं घेऊन पहिल्यांदाच आली आहे, तिला रात्री देव्या दाखवायच्या आहेत, सासूबाईंना फार चालवत नाही, आणि घरातले पुरुष नेमके बाहेरगावी. आता शोधा.

चाचणी किती जणांवर करायची, असं तू विचारलंस. जेकब निल्सन यांनी २००० साली लिहिलं की ५ माणसं पुरतात. त्यांनी आणि टॉम लँडावर यांनी १९९३ मध्ये केलेल्या हिशोबानुसार एका माणसाकडून सरासरी ३१ टक्के अडचणी दिसतात. पुढचे लोक बऱ्याचशा त्याच दाखवतात, त्यामुळे पाचांपर्यंत ८५ टक्के होतात आणि मग फारशी भर पडत नाही. म्हणून १५ माणसं मिळाली तर ५-५ च्या तीन फेऱ्या कर, आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये दुरुस्ती कर. पण हा हिशोब एकसारख्या वापरणाऱ्यांचा आहे, हे लोक विसरतात. हॉस्टेलवरच्या पाच मैत्रिणी म्हणजे जिल्हा नव्हे.

एक फेरी उमरखेडला कर, एक वणीला. तुझं ॲप उघडलं की ‘यवतमाळ जिल्हा’ हीच चाळण लागते. उमरखेडच्या माणसाला पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा, वणीच्या माणसाला वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर. कपडे, दवाखाना, सोयरीक, सगळं तिकडे. यवतमाळ त्याला शंभर किलोमीटरच्या पुढे. लोकसभेलासुद्धा उमरखेड हिंगोलीत आहे आणि वणी, आर्णी चंद्रपुरात. मतदारसंघ आखणाऱ्यांना जे कळलं ते तुझ्या ॲपला कळू दे, जिल्ह्याऐवजी अंतर धर. नुसतं अंतरही पुरत नाही म्हणा. कार्यक्रम सापडला म्हणजे माणूस गेला असं नाही. रात्री परतीची एसटी आहे का, हे कळल्याशिवाय बाई घराबाहेर पडत नाही. चाचणीत हा प्रश्न कोणी तोंडाने विचारला तर तो शब्दशः लिहून ठेव.

तारखेचंही तसंच. कळंबच्या चिंतामणीला जाणारा माणूस चतुर्थी शोधतो, तारीख नाही. १९७३ पासून ‘कालनिर्णय’ने घरोघरच्या भिंतीवर तिथी आणि तारीख एकाच चौकोनात शेजारी बसवली आहे. तू मात्र परदेशी कॅलेंडरचं तयार चित्र उचललंस. सगळे वाचतीलच असंही धरू नकोस. झरी, मारेगाव, केळापूरकडे कोलाम वस्त्या आहेत, पुसद-दिग्रसकडे तांडे. तिथे वाचण्यापेक्षा ऐकणं सोपं पडतं का, हेही बसून पाहा. मी इथून अंदाज ठोकत नाही.

एक प्रसंग मात्र चाचणीत घालच. जानेवारी २०१९ मध्ये ९२वं साहित्य संमेलन यवतमाळला भरलं, ११ ते १३ तारखेला, अध्यक्ष अरुणा ढेरे. उद्घाटनाला नयनतारा सहगल येणार होत्या. त्यांचं निमंत्रण ऐनवेळी मागे घेतलं गेलं, गदारोळ झाला, आणि अखेर उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी, आपल्याच कळंब तालुक्यातल्या राजूरच्या शेतकरी महिलेने. तो वाद बाजूला ठेव. आधी निघालेली पत्रिका संमेलनाच्या तोंडावर खोटी ठरली, एवढं लक्षात घे. तुझ्या ॲपमध्ये एक कार्यक्रम मुद्दाम बदल: वक्ता बदल, वेळ पुढे ढकल. कोणाच्या लक्षात येतं, किती वेळाने, आणि जुनं पोस्टर त्याने आधीच गटात पुढे पाठवून दिलेलं असतं का, ते बघ. माझ्या मते तुझ्या अख्ख्या प्रोजेक्टचं पाणी इथे जोखलं जाईल.

व्हिडिओ काढण्याआधी विचारून घेत जा. चेहरे नकोत, फक्त पडदा आणि हात. चाचणी आपल्या नव्याकोऱ्या फोनवर नको, त्यांच्याच फोनवर, तडकलेल्या काचेसकट, त्यांच्याच नेटपॅकवर. आणि वेळ दिला म्हणून चहा पाज.

पुढच्या फेरीचा व्हिडिओ कापाकापी न करता पाठव, कंटाळवाणा भाग तर नक्कीच ठेव. अहवालातला अभिप्रायाचा तक्ता काढून टाक. सरांनी विचारलं तर सांग, मामाजींनी काढायला लावला. मोठ्या आईला नमस्कार. तिच्या हातात ॲप दिलंस की नाही, ते लिहिलं नाहीस.

तुझा
मामाजी