गेम बनवायचाय? मग अंतराचं सूत्र विसरू नका

दहावीच्या भूमितीतलं अंतराचं सूत्र बहुतेक मुलं परीक्षेपुरतं पाठ करतात. गेम प्रोग्रामरला मात्र ते रोज लागतं.

समजा, शत्रू (2, 3) वर आहे आणि खेळाडू (5, 7) वर. दोघांतला फरक (3, 4). ही जोडी म्हणजेच व्हेक्टर, पुस्तकातला सदिश: कुठल्या दिशेला आणि किती जायचं, दोन्ही त्यातच कळतं. वर्गांची बेरीज 25, म्हणून अंतर 5. फरकाला 5 ने भागलं की (0.6, 0.8) मिळतं, म्हणजे निव्वळ दिशा. तिला हव्या त्या वेगानं गुणलं की शत्रू पाठलाग करू लागतो. भागायची पायरी गाळली की गडबड होते. उजवं आणि वरचं बटण एकदम दाबलं तर व्हेक्टर (1, 1) होतो, त्याची लांबी 1.414, आणि पात्र तिरकं जाताना 41 टक्के जास्त वेगानं पळतं. नवशिक्यांच्या गेममध्ये ही चूक हमखास सापडते.

शत्रू 5 एककांच्या आत आला का, एवढंच पाहायचं असेल तर वर्गमूळही नको. वर्गांची बेरीज 25 शी ताडली की झालं. अशी बचत मोलाची असते. 1999 च्या ‘क्वेक 3 अरीना’ या गेममध्ये वर्गमुळाचा व्यस्त झटपट काढणारी युक्ती होती; प्रोग्रामर आजही ती अभ्यासतात.

पालकांनो, गेम बनवणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीनं 2008 मध्ये पुण्यातला स्टुडिओ घेतला आणि 2018 मध्ये मुंबईत नवा थाटला, म्हणजे हे क्षेत्र आपल्यापासून दूर नाही. पण 2023 मध्ये जगभर या उद्योगात मोठी नोकरकपात झाली, हेही खरं. म्हणून पदवी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची किंवा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सची घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. हेच गणित रोबोटिक्सला आणि नकाशांच्या ॲपलाही लागतं. अकरावीत गणित सोडू देऊ नका.

महागड्या कोर्सची फी भरण्याआधी घरच्या कॉम्प्युटरवर गोडो हे मोफत गेम इंजिन घ्या. मुलाला किंवा मुलीला दोनच चौकोन करायला सांगा: एक बटणांनी हलणारा, दुसरा त्याचा पाठलाग करणारा. त्यात तहानभूक हरपली, तर प्रोग्रामिंगचा गंभीरपणे विचार करा. जीव फक्त पात्रं रंगवण्यात रमला, तर वाट ॲनिमेशनची. तीही चांगली, पण वेगळी.

पाठलाग जमला की विचारा, “शत्रूला पाठीमागचा खेळाडू कसा काय दिसतो?” उत्तर बारावीच्या व्हेक्टरच्या धड्यात आहे: शत्रूच्या तोंडाची दिशा आणि खेळाडूकडे जाणारा व्हेक्टर यांचा डॉट प्रॉडक्ट (x चा x शी आणि y चा y शी गुणाकार करून केलेली बेरीज) ऋण आला, तर खेळाडू पाठीमागे आहे.