साधनवर्णन आणि लक्षणविचार

पदार्थाचे वर्णन कसे करावे, म्हणजे तो न पाहिलेल्या वाचकासही तो अचूक ओळखता यावा, हा नैयायिकांचा व कोशकारांचा जुना प्रश्न. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात तो आता पुन्हा उपस्थित झाला आहे. भाषिक प्रारूपावर चालणाऱ्या ‘एजंट’च्या हाती नोंदी शोधणे, हिशेब करणे, पत्र धाडणे अशा कामांसाठी निरनिराळी साधने दिलेली असतात. त्यांची अंतर्रचना त्याला सहसा दिसत नाही. दिसते ते नाव, वर्णन आणि पुरवावयाच्या माहितीची यादी. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ या संकेतप्रणालीतही साधनाची ओळख याच मार्गाने करून दिली जाते. सारांश, निवड योग्य होणे हे बव्हंशी गद्यावर अवलंबून आहे.

रायपूरच्या वाङ्मयीन परंपरेस परिभाषेचा हा प्रश्न नवा नाही. येथे शिकलेले मराठीभाषी माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांनी १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ सुरू केले. काशी नागरी प्रचारिणी सभेच्या १९०६ च्या हिंदी वैज्ञानिक कोशातील अर्थशास्त्राच्या संज्ञांचे कामही त्यांचेच. परंतु तशा कोशाचा वाचक विषय जाणणारा असे; प्रतिशब्द अपुरा वाटल्यास तो जाणकारास विचारी. एजंट थांबून विचारीलच असे नाही. वर्णनातील रिकामी जागा तो पुष्कळदा अनुमानाने भरून काढतो.

म्हणूनच लक्षणाचे तीन दोष येथे उपयोगी पडतात. धानखरेदीची मर्यादा सांगणारे एक साधन कल्पावे. ‘धानाविषयी माहिती देते’ असे त्याचे वर्णन केल्यास अतिव्याप्ती होते. वाण, बाजारभाव, हवामान या सर्वांसाठी एजंट त्याच्याकडेच धाव घेईल. ‘महामाया वाणाची मर्यादा सांगते’ म्हटल्यास अव्याप्ती. इतर वाणांसाठी साधन समर्थ असूनही वापरले जाणार नाही. ‘धानविक्रीची नोंद करते’ म्हटल्यास असंभव. कारण साधन केवळ मर्यादा सांगते, नोंद करीत नाही. शेवटचा दोष सर्वांत घातक, कारण न झालेले काम झाले असे शेतकऱ्यास कळविले जाईल.

पुरवावयाच्या माहितीबाबतही हीच दक्षता हवी. छत्तीसगढ शासनाने २०२३-२४ च्या खरीप हंगामासाठी एकरी २१ क्विंटल ही खरेदीची मर्यादा ठरविली होती. साधनाने केवळ ‘क्षेत्र’ मागितले आणि एजंटने दोन हेक्टरांसाठी ‘२’ हा आकडा दिला, तर सुमारे १०४ क्विंटलांऐवजी ४२ क्विंटल असे उत्तर येईल. कोठेही चूक दाखविली जाणार नाही. उत्तर नेटके, आणि नुकसान शेतकऱ्याचे. ‘क्षेत्र, एकरांत’ एवढ्या दोन शब्दांनी हे टळते. शब्दांच्या प्रादेशिक अर्थांचेही भान असावे. विदर्भात व छत्तीसगढात ज्यास ‘धान’ म्हणतात, त्यास कोकणात ‘भात’ म्हणतात. आणि तेथे शिजवलेला तांदूळही भातच.

‘तर्कसंग्रहा’वरील ‘दीपिके’त अन्नंभट्टाने लक्षणाची दोन प्रयोजने मानली आहेत : व्यावृत्ती आणि व्यवहार. साधनवर्णनास ही दोन्ही लागतात. पहिल्याने हे साधन शेजारच्या साधनाहून वेगळे ठरते. दुसऱ्याने ते केव्हा वापरावे, केव्हा वापरू नये, काय पुरवावे आणि काय परत मिळेल, हे कळते. या कसोटीवर वरील वर्णन असे होईल : ‘२०२३-२४ च्या खरीप हंगामात शेतकऱ्याकडून किती धान खरेदी करता येईल, ते क्विंटलांत सांगते. क्षेत्र एकरांत द्यावे. दर किंवा विक्रीची नोंद यांसाठी वापरू नये.’

यापेक्षा विस्तार करण्याचे कारण नाही. एजंटला एकाच वेळी अनेक वर्णने वाचावी लागतात; एका वर्णनाचा पाल्हाळ दुसऱ्याच्या वाट्याचे अवधान खातो. शास्त्रकारांनी लाघवास गुण मानले ते व्यर्थ नव्हे. मात्र लाघव म्हणजे मौन नव्हे. एकक गाळून वाचविलेला शब्द महागात पडतो.

वर्णनाची परीक्षा त्याच्या कर्त्याने करू नये. ज्यास साधन ठाऊक आहे, त्यास गाळलेलेही वाचता येते. अपरिचितास केवळ वर्णने द्यावीत, दहा प्रश्न द्यावेत आणि तो कोणत्या प्रश्नासाठी कोणते साधन उचलतो ते पाहावे. जेथे तो चुकेल, तेथे दोष वाचकात न शोधता वाक्यात शोधावा.