नाव मुलाचे की मुलीचे?



बाळाच्या स्नानसंस्काराची तयारी सुरू झाली की नावावरून घरात चर्चा रंगते. मुलीसाठी ‘किरण’ सुचवले, तर कोणीतरी म्हणते, “हे तर मुलाचे नाव!” मुलगा ‘सुमन’ असला, तर शाळेत सवंगडी त्याला चिडवतात. मग मुलालाच आपल्या नावाची लाज वाटू लागते. म्हणून या विषयावर आज थोडा विचार करू या.

आपल्या सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड अशा अनेक भाषांची कुटुंबे शेजारी शेजारी राहतात. तेलुगू घरांत किरण हे बहुधा मुलाचे नाव असते. मराठीत ते दोघांचेही आहे. माजी यष्टिरक्षक किरण मोरे आणि माजी पोलीस अधिकारी किरण बेदी दोघेही आपल्याला ठाऊक आहेत. शशी, कमल, मंगल ही नावेही अशीच. ‘किरण आला’ की ‘किरण आली’ हे ऐकल्यावरच उलगडा होतो.

पवित्र शास्त्र काय सांगते?

यहूदाचा एक राजा अबीया होता (२ इतिहास १३). पुढे हिज्कीया राजाच्या आईचे नावही अबीयाच होते (२ इतिहास २९:१). या नावाचा अर्थ ‘परमेश्वर माझा पिता आहे’. असे नाव एकट्या मुलाचे किंवा एकट्या मुलीचे कसे असेल? गोमर हा याफेथाचा मुलगा (उत्पत्ती १०:२), आणि होशेय संदेष्ट्याची पत्नीही गोमरच (होशेय १:३).

संतांची साक्ष

धर्मगुरूंचे आश्रयदाते संत जॉन मेरी व्हिएनी आणि छळछावणीत १९४१ साली दुसऱ्यासाठी प्राण देणारे संत मॅक्सिमिलियन मेरी कोल्बे यांनी पवित्र मरियेचे नाव अभिमानाने धारण केले. संत आल्फोन्सस लिगोरी यांच्याही नावात मरिया आहे. त्यांच्याच नावावरून केरळच्या अन्ना या तरुणीने व्रतस्थ जीवनात आल्फोन्सा हे नाव घेतले. १२ ऑक्टोबर २००८ रोजी त्यांना संतपद घोषित झाले.

ख्रिस्तसभेचा नियम

१९८३ च्या धर्मसंहितेतील कलम ८५५ आईवडील, धर्ममातापिता आणि धर्मगुरूंना एवढेच सांगते की, ख्रिस्ती भावनेला न शोभणारे नाव देऊ नये. नावावरून मुलगा-मुलगी ओळखू यावे, अशी अट त्यात नाही. स्नानसंस्कारात बाळासाठी मेणबत्ती पेटवली जाते. त्या ख्रिस्तप्रकाशाचा किरण मुलगाही होतो आणि मुलगीही. स्नानसंस्काराने ख्रिस्ताला परिधान केलेल्यांत स्त्री-पुरुष असा भेद उरत नाही, हे संत पौल सांगतो (गलतीकरांस ३:२७-२८).

व्यवहारातील काळजी

असे नाव ठेवताना जन्मदाखला, स्नानसंस्काराची नोंदवही आणि शाळा, तिन्ही ठिकाणी नाव एकसारखे लिहा. मुलगा की मुलगी हेही तपासून घ्या. लग्नाच्या वेळी स्नानसंस्काराचा दाखला लागतो, तेव्हा धावपळ होणार नाही.

घरी करण्यासाठी

१. यशया ४३:१ एकत्र वाचा. देव आपल्याला कशाने हाक मारतो?
२. प्रत्येक मुलाला त्याचे नाव का ठेवले, ते आज सांगा.
३. कोणाला नावावरून चिडवले जात असेल, तर त्याची बाजू घ्या.

हे प्रभो, तू आम्हां प्रत्येकाला नावाने ओळखतोस. त्या नावाला साजेसे जगण्यास आम्हाला कृपा दे. आमेन.