आरोग्यवार्तेची पारख
(इयत्ता पाचवी ते सातवीच्या वर्गांसाठी पाठाची दिशा)

खेड्यातील शिक्षक केवळ अक्षरे शिकवीत नाही. घरात कोणी आजारी पडले आणि मोबाइलवर एखादा उपाय आला, की तो खरा की खोटा हे विचारावयास पालक गुरुजींकडे येतात. म्हणून ही पारख शिक्षकाने प्रथम स्वतः आत्मसात करावी व मग मुलांस द्यावी.

उदाहरण शेजारच्या बुलढाणा जिल्ह्याचे घेऊ. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत लोकांचे केस अकस्मात गळू लागले. थोड्याच दिवसांत 'टक्कल व्हायरस' हे नाव सर्वत्र पसरले. विषाणू म्हटला म्हणजे संसर्ग आला. साहजिकच त्या गावच्या माणसांकडे लोक संशयाने पाहू लागले. विषाणू मात्र कोणी पाहिला नव्हता.

आरोग्य विभागास प्रथम बुरशीचा संशय आला. हा भाग, आपल्या तेल्हाऱ्याप्रमाणेच, खारपाणपट्ट्यात मोडतो. म्हणून पाणीही तपासले गेले व त्यात नायट्रेट अधिक आढळले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे पथक जानेवारी २०२५ मध्ये येऊन नमुने घेऊन गेले. पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांचे रक्त, केस आणि त्यांच्या घरातील रेशनचा गहू यांची तपासणी करविली. त्यांत सेलेनियम पुष्कळ अधिक असल्याचे त्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले. सेलेनियम शरीरास अत्यल्प प्रमाणात लागते. अति झाल्यास केस व नखे गळतात.

येथे एक शंका मुले हमखास विचारतील : डॉक्टरांचेही मत बदलले, मग विश्वास कोणावर ठेवावा? उत्तर असे द्यावे, की पुराव्यानुसार मत बदलणे हा दोष नव्हे, ते प्रामाणिकपणाचे लक्षण होय. तपासणी करणारा आपण काय तपासले ते सांगतो. म्हणून दुसऱ्यास ते पुन्हा पडताळता येते. अफवा मात्र पहिल्याच दिवशी निःशंक असते व पडताळण्याजोगे काहीच देत नाही.

फळ्यावर पुढील चार प्रश्न लिहावेत :
१. हे कोण सांगतो? त्याचे नाव, शिक्षण व ठिकाण दिले आहे काय?
२. हे त्यास कसे कळले? काय तपासले?
३. मजकूर केव्हाचा आहे?
४. यात कोणाचा लाभ आहे? तेल, चूर्ण वा औषध विकावयाचे आहे काय?

कृती : मुलांनी घरी आलेला आरोग्यविषयक एक संदेश वहीत उतरवून आणावा. त्यातील व्यक्तींची नावे गाळावीत. वर्गात प्रत्येक संदेशास हे चार प्रश्न लावावेत. ज्याचे उत्तर मिळत नाही तेथे फुली मारावी. फुली म्हणजे संदेश खोटाच असे नव्हे. तो पुढे पाठवू नये व त्यावरून चालू औषध बंद करू नये, एवढाच तिचा अर्थ. पुढची चौकशी आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात करावी.

शेवटी एक सूचना. पालकाच्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल, तर तसे सरळ सांगावे आणि त्याच्याबरोबर आरोग्य केंद्रात जावे. त्याने गुरुजींचा मान उणावत नाही. उलट न कळणारी गोष्ट कशी विचारावी, याचा धडा गावास मिळतो.