पॅसिफिकचे उबदार पाणी व दक्षिण ध्रुवाकडील बर्फ

सन २०१५ च्या पावसाळ्यात भारतात सरासरीपेक्षा १४ टक्के पाऊस कमी पडला आणि २०१६ च्या एप्रिलात लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी पोचवावे लागले, हे वाचकांस आठवत असेलच. त्याच वर्षीच्या जानेवारीत पश्चिम अंटार्क्टिकात रॉस नावाच्या तरंगत्या हिमपटलावर व लगतच्या भूभागावर बर्फ वितळू लागला. हे क्षेत्र सुमारे पावणेआठ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीचपट होते. काही ठिकाणी वितळण्याची ही क्रिया पंधरवडाभर चालली. जानेवारीत तिकडे उन्हाळा असतो हे खरे. परंतु तेथील उन्हाळ्यातही पारा सहसा शून्याखालीच राहतो.

या दोन्ही घटनांमागे एल निनोचा हात होता. एरवी विषुववृत्तालगतचे पूर्वेकडून वाहणारे वारे पॅसिफिक महासागराचे उबदार पाणी इंडोनेशियाकडे लोटून ठेवतात. दर दोन ते सात वर्षांनी हे वारे मंदावतात. मग ते पाणी पूर्वेकडे पसरते व त्याच्या पाठोपाठ मेघही सरकतात. मेघ बनताना वाफेतील उष्णता हवेत मोकळी होते. विहिरीत दगड टाकला असता तरंग जसे काठापर्यंत जातात, तशा या उष्णतेमुळे वातावरणात उठलेल्या लाटा दक्षिण ध्रुवाकडे जातात. तेथे आमुंडसेन समुद्रावर नेहमी कमी वायुभाराचे क्षेत्र असते. ते दुबळे होते आणि सागरावरील उबदार, दमट हवा रॉसच्या बाजूस शिरते. उलट खंडाच्या दुसऱ्या अंगास, वेडेल समुद्राकडे, बहुधा थंडी वाढते. म्हणून ‘एल निनोने ध्रुव तापतो’ असे सरसकट म्हणणे चूक ठरेल. २०१६ साली तर ध्रुवाभोवतीचे पश्चिमी वारे जोरात होते व त्यांनी या उष्णतेस काही अंशी अडविले. अन्यथा बर्फ याहून अधिक वितळला असता, असे संशोधकांचे मत आहे.

तरंगता बर्फ वितळल्याने समुद्राची पातळी फारशी वाढत नाही. परंतु हे हिमपटल शेताच्या बांधासारखे आहे. मागील जमिनीवरचा बर्फ ते थोपवून धरते. बांध खचला तर तो बर्फ समुद्रात उतरेल आणि पातळी वाढेल. कोकणातील खारभूमीच्या शेतकऱ्यास, ज्याचे भात एका मातीच्या बंधाऱ्याच्या आधारावर उभे असते, ही गोष्ट परकी वाटू नये.

पॅसिफिकच्या दोन टोकांवरील वायुभार तराजूच्या पारड्यांप्रमाणे खालीवर होतो, हे गिल्बर्ट वॉकर यांनी मांडले. १९०४ ते १९२४ या काळात ते भारतीय हवामान खात्याचे प्रमुख होते आणि त्यांचा मूळ शोध आपल्या मोसमी पावसाचा अंदाज बांधण्यासाठीच चालला होता.

एल निनोची बातमी ऐकताच पेरणीचा बेत सोडणाऱ्यांनी मात्र १९९७ साल ध्यानी घ्यावे. त्या वर्षीचा एल निनो अतिशय प्रबळ असूनही देशात पाऊस सरासरीइतका झाला. तेव्हा हिंदी महासागराचा पश्चिम भाग नेहमीपेक्षा उबदार होता, हे त्याचे एक कारण मानले जाते.