स्थळी जळ, जळी स्थळ : दिल्ली परिसरातील पाणथळ भूमी आणि तिच्या नावांचा प्रश्न

१.

महाभारताच्या सभापर्वातील मयसभेचा प्रसंग बहुधा दुर्योधनाच्या फजितीची कथा म्हणून सांगितला जातो. स्फटिकाच्या भूमीला तो पाणी समजतो आणि पुढे खऱ्या पाण्याला भूमी समजून त्यात पडतो. परंतु ही सभा कोणी बांधली हे लक्षात घेतले की प्रसंगाचा अर्थ अधिक खोल होतो. तिचा कर्ता मयासुर हा खांडववनाच्या दहनातून वाचलेला. यमुनातीरीचे ते वन त्यातील पशुपक्ष्यांसह जाळले गेले, आणि त्यानंतर हा भ्रमाचा प्रासाद उभा राहिला. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’ (१९६७) या ग्रंथात खांडवदहनाकडे भूमिसंपादनासाठी झालेला संहार म्हणून पाहिले, तेव्हा मराठी वाचकाला या कथेची भौतिक बाजू प्रथमच इतक्या स्पष्टपणे दिसली.

जळ आणि स्थळ यांतील भेद दुर्योधनाला ओळखता आला नाही. त्याच भूभागात, म्हणजे दिल्ली व तिच्या भोवतालच्या प्रदेशात, आज उभा असलेला प्रश्न याहून अवघड आहे. जी भूमी वर्षाचे काही महिने जळ असते आणि उरलेले महिने स्थळ, तिला कोणत्या नावाने ओळखावे? हा प्रश्न वरकरणी कोशकाराचा वाटतो. वस्तुतः अशा भूमीचे अस्तित्वच त्याच्या उत्तरावर अवलंबून असते, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२.

भारतीय भाषांत या मधल्या अवस्थेला नावे नव्हती असे नाही. आयुर्वेदाच्या संहितांत देशाचे तीन प्रकार मानले आहेत : जांगल, अनूप आणि साधारण. जांगल म्हणजे कोरडा, मोकळा, विरळ झाडांचा प्रदेश; अनूप म्हणजे पाण्याने भरलेला. अमरकोशाच्या भूमिवर्गात ‘अनूप’ आणि ‘कच्छ’ हे शब्द जलप्राय भूमीसाठी एकत्र येतात. हे शब्द पुढे देशनामेही झाले. नाशिकच्या लेण्यांतील गौतमी बलश्रीच्या शिलालेखात गौतमीपुत्र सातकर्णीच्या अंमलाखालील प्रदेशांत ‘अनूप’ची गणना आहे, आणि कच्छ तर आजही नकाशावर आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. प्राचीनांनी अनूप देशाचे गुणगान केले, असा निष्कर्ष यातून काढता येणार नाही. वैद्यकाच्या दृष्टीने जांगल देश आरोग्यकारक आणि अनूप देश कफकारक मानला जाई. पण त्या देशाची वनस्पती वेगळी, पक्षी वेगळे, माणसांची प्रकृती वेगळी, हे त्या शास्त्राने नोंदवले. आदर आणि ओळख या दोन भिन्न गोष्टी आहेत. संरक्षणासाठी पहिली नसली तरी चालते, दुसरी नसून चालत नाही.

दिल्लीचा प्रदेश महाभारतात कुरुजांगल म्हणून येतो. ‘जांगल’ या शब्दाचा पुढील प्रवास सर्वज्ञात आहे : कोरड्या मोकळ्या भूमीचा वाचक असलेला हा शब्द दाट, ओलसर अरण्याचा वाचक झाला आणि तसाच इंग्रजीत गेला. नाव टिकले तरी त्यातील भूमी बदलू शकते, याचा हा पुरावा होय.

३.

कुरुजांगलातही अनूपाची स्थाने होती, आणि लोकभाषेने ती नेमकेपणाने वेगळी केली होती. दिल्लीच्या महसुली परिभाषेत भूमीचे पारंपरिक विभाग चार : ‘कोही’ म्हणजे डोंगराळ, ‘बांगर’ म्हणजे जुन्या गाळाची उंचावरची, ‘खादर’ म्हणजे यमुनेच्या पुराखाली येणारी, आणि ‘डाबर’ म्हणजे पावसाळ्यात पाणी साचणारी सखल भूमी. डाबराचे केंद्र नजफगढची झील. राजस्थानातील अरवलीत उगम पावणारी साहिबी नदी या सखल भागात पसरे, आणि चांगल्या पावसाच्या वर्षी झीलेचा विस्तार दोनशे चौरस किलोमीटरांहून अधिक होई, असे मानले जाते. पाणी ओसरले की त्याच ओलीवर रब्बीची पेरणी होई. डाबर या शब्दात पाणी आणि पीक दोन्ही सामावलेली होती.

१८३८च्या सुमारास ब्रिटिश प्रशासनाने झीलेचे पाणी यमुनेकडे वाहून नेण्यासाठी चर खोदला. १९६४च्या पुरानंतर तो रुंद केला गेला, आणि १९७७मध्ये साहिबीला पुन्हा मोठा पूर आला. या काळात घडलेले भाषिक परिवर्तन भूगोलाइतकेच महत्त्वाचे आहे. राजधानीच्या हद्दीत साहिबीचे नाव मागे पडून ‘नजफगढ नाला’ हे नाव रूढ झाले. नदीत घाण सोडताना समाजाला निदान संकोच वाटतो. नाल्यात ती सोडणे हा नाल्याचा उपयोगच ठरतो. आज हा नाला यमुनेच्या प्रदूषणाचा सर्वांत मोठा स्रोत म्हणून गणला जातो.

झीलेच्या बाबतीत वाद वेगळ्या स्वरूपात आला. दिल्ली आणि हरियाणा यांच्या सीमेवरील हे पाणी म्हणजे नैसर्गिक जलाशय, की शेतजमिनीवर साचलेले पाणी, हा प्रश्न ‘इन्टॅक’ या संस्थेच्या अर्जामुळे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेला. जी गोष्ट ‘डाबर’ या एका शब्दाने पूर्वी निर्विवाद सांगितली होती, ती सिद्ध करण्यासाठी आता न्यायासनापुढे जावे लागले.

याच सखल पट्ट्यातील सुलतानपूरचे भाग्य निराळे. १९६९मध्ये पीटर जॅक्सन या पक्षिप्रेमी पत्रकाराने इंदिरा गांधींचे लक्ष तिकडे वेधले. १९७१मध्ये तेथे अभयारण्य झाले आणि २०२१मध्ये झज्जर जिल्ह्यातील भिंडावाससह त्याचा रामसर यादीत समावेश झाला. सुलतानपूरचे क्षेत्र दीड चौरस किलोमीटरहून कमी आहे. नाव मिळालेला तुकडा राहिला. ज्या विस्तीर्ण भूमीचा तो तुकडा, ती नावाविना आक्रसत गेली.

४.

हा अनुभव दिल्लीपुरता नाही. १९७१च्या रामसर कराराने पाणथळीची जी व्यापक व्याख्या केली, तीत कायमचे व तात्पुरते, नैसर्गिक व कृत्रिम अशी सर्व जलस्थाने येतात, आणि पीटभूमीचाही स्पष्ट उल्लेख आहे. पीट म्हणजे पाण्याखाली प्राणवायूच्या अभावी पुरते न कुजलेल्या वनस्पतींचे शतकानुशतके साठलेले थर. जगाच्या भूपृष्ठाचा सुमारे ३ टक्के भाग व्यापणाऱ्या या भूमीत जगातील सर्व वनांच्या वनस्पतींहून अधिक कार्बन साठलेला आहे. पाणी काढून टाकले की हा साठा हवेत मिसळू लागतो, भूमी खचते आणि पेट घेते. इंडोनेशियातील कालीमंतान येथे १९९६पासून दहा लाख हेक्टर पीटभूमी भातशेतीसाठी कोरडी करण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. १९९७च्या वणव्यांचा धूर शेजारच्या देशांपर्यंत पोहोचला. खांडवदहनाचे हे विसाव्या शतकातील रूप म्हणता येईल.

नजफगढची भूमी पीटाची नाही. भारतात पीट थोडेच आहे. पण निलगिरीच्या दऱ्यांतील पीटात वीस हजार वर्षांच्या हवामानाची नोंद संशोधकांना वाचता आली. आयर्लंडमध्ये हीच जाणीव काव्यात उतरली. सीमस हीनीच्या ‘नॉर्थ’ (१९७५) या संग्रहात दलदल ही समूहाच्या स्मृतीचे भांडार होते, कारण तिच्या पोटात दोन हजार वर्षांपूर्वीची माणसे खरोखरच टिकून राहिली होती. तेथे भूमीला कवी मिळाला. डाबराला अद्याप मिळायचा आहे.

५.

भारतातील २०१७च्या पाणथळ नियमांनी रामसरची व्याख्या बहुतांशी स्वीकारली, परंतु नदीपात्रे, भातशेते आणि सिंचनासारख्या हेतूंसाठी बांधलेले जलाशय वगळले. जी भूमी पाणी आणि पीक यांच्यामध्ये हेलकावते, तिची स्थिती त्यामुळे पुन्हा संदिग्ध राहते.

येथे साहित्याच्या अभ्यासकाचे काम सुरू होते. भाषांतर करताना डाबर, खादर, झील, जोहड, कोकण-गोव्यातील खाजण, मणिपूरच्या लोकताक सरोवरावर तरंगणारी फुमदी या सर्वांना ‘दलदल’ हा एकच प्रतिशब्द देणे सोयीचे असते. परंतु खाजण म्हणजे खाडीच्या पाण्याला बांध घालून सामुदायिक श्रमाने राखलेली जमीन. फुमदी म्हणजे वनस्पतींचा तरंगता थर. ‘दलदल’ म्हणताच यातील श्रम, ऋतू आणि हक्क पुसले जातात. उरतो फक्त चिखल, आणि चिखल बुजवावयाचाच असतो. प्रादेशिक कथा-कादंबऱ्या, लोकगीते, महसुली कागद आणि शेतकऱ्यांची बोली यांतून हे शब्द त्यांच्या अर्थच्छटांसह गोळा करणे, आणि भाषांतरात ते मूळ रूपात राखणे, हे काम भाषाभ्यासकांवाचून दुसरे कोणी करणार नाही. न्यायासनापुढे उपग्रहाची छायाचित्रे पाणी कोठे आहे ते दाखवतील. ते पाणी तेथे का असते आणि कोणाचे असते, हे मात्र डाबरासारखा शब्दच सांगू शकेल.