नील-हरित शैवाल आणि कॅन्सरचे नेमके औषध

शिक्षक-पालक मित्रहो, नील-हरित शैवाल हे खरे तर जिवाणू आहेत – सायनोबॅक्टेरिया. त्यांच्यात हरितद्रव्यासोबत फायकोसायनिन हे निळे रंगद्रव्य असते. स्पिरुलिनाची चिमूटभर पूड पाण्यात भिजवून ठेवा, काही तासांत पाण्याला निळी छटा येते. कर्करोगाच्या पेशींवर फायकोसायनिनचे प्रयोग चालू आहेत, पण अजून त्याचं औषध झालेलं नाही.

मग या जिवाणूंनी औषध दिलंच नाही का? दिलं! डोलास्टॅटिन-१० हे विष आधी एका समुद्री गोगलगायीत सापडले. ते मुळात तिने खाल्लेल्या सायनोबॅक्टेरियाचे, हे पुढे कळले. असे विष नुसते दिले तर निरोगी पेशीही मरतात. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्याच धर्तीवर एमएमएई हा रेणू बनवून तो प्रतिपिंडाला, म्हणजे अँटीबॉडीला जोडला. हे जणू पत्ता लिहिलेलं पाकीटच! हॉजकिन लिम्फोमाच्या पेशीवर सीडी-३० प्रथिन असते. प्रतिपिंड त्याला चिकटतो, पेशी त्याला आत घेते, दुवा तुटतो आणि विष आत सुटते. या ब्रेंटक्सिमॅब व्हेडोटिनला अमेरिकेत २०११ मध्ये मंजुरी मिळाली.

मुलांना एवढं नक्की सांगा : स्पिरुलिनाची गोळी म्हणजे कॅन्सरचा उपचार नव्हे. तिच्या भरवशावर डॉक्टरांचे औषध कधीच थांबवू नये.